पाय तपासला, जखम नाही

नर्सिंगच्या आमच्या कोर्सला एक फॅमिली फोल्डर भरावा लागतो. वस्तीतलं एक घर निवडायचं, दर आठवड्याला तिथे जायचं, घरातल्या रुग्णाला तपासायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. मी माझंच घर निवडलं. कोर्सच्या मॅडमना म्हणालो, "माझ्या आईला पंधरा वर्षं साखर आहे. शिकण्यासारखी केस आहे." त्या हो म्हणाल्या. खरं कारण मी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी जायला मला वेळच नव्हता.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. डिप्लोमावर वीस वर्षं वॉर्डात काढली. माझ्याकडून सलाईन लावायला शिकलेली पोरं डिग्री घेऊन इन्चार्ज झाली. शेवटी मीही डिग्रीसाठी नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी दोननंतर हॉस्पिटलची ड्यूटी, शनिवार-रविवार दिवसभर ड्यूटी. पहिल्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "अंकल, पालकांना बाहेर बसायला सांगितलंय ना?" मी वही उघडून तिच्या शेजारी बसलो, तशी ती लाजली. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा मामा झालो.

आम्ही अनगोळला राहतो. बायको प्राथमिक शाळेत शिकवते. वडील गेल्यावर आई निपाणीहून आमच्याकडे आली. तिने आयुष्यभर विड्या वळल्या. आता मांडीवरचं विड्यांचं सूप सुटलं होतं, पण मिश्री सुटली नव्हती. तिच्या अंगाला, पातळाला तंबाखूचा वास असायचाच. मी त्या वासातच वाढलो.

साखरेच्या रुग्णाच्या पायाची जाणीव हळूहळू जाते. काही टोचलं, भाजलं तरी कळत नाही. म्हणून तळवा रोज बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. वॉर्डात हे मी शेकडो नातेवाइकांना समजावून सांगितलं असेल. घरी मी दर रविवारी ड्यूटीवर जाण्याआधी जेवणाच्या टेबलावर फोल्डर उघडायचो आणि लिहायचो: पाय तपासला, जखम नाही, संवेदना ठीक. आई तिथेच चार हातांवर लसूण सोलत बसलेली असायची. उठून तिचा पाय हातात घ्यायला दोन मिनिटंही लागली नसती. असे अकरा रविवार गेले.

बायको आईला आत्या म्हणते. मध्यंतरी ती म्हणाली होती, "अहो, आत्या पाय ओढत चालतायत. बघा की जरा."

"चप्पल नवीन आहे," मी म्हणालो. वहीतून मान वर केली नाही.

मग एक दिवस मॅडम घरभेटीला आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, माहेर कन्नड, पण मराठी चांगलं बोलतात. फोल्डर चाळून त्यांनी आईला विचारलं, "अज्जी, मुलगा पाय बघतो का तुमचे?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं.

"बघतोय की! रोज बघतोय. सकाळी उठला की पाय धरतोय माझं. बायको आल्यापास्नं कदी धरलं न्हाईत, आता धरतोय."

मॅडम हसल्या. बायको मात्र चहाचे कप गोळा करून आत गेली.

"मग मलाही दाखवा बघू," मॅडम म्हणाल्या.

"नगं बाई. आत्ताच त्याल लावलंय, तुमचं हात माखतील." असं म्हणून आईने पाय पातळाखाली दुमडून घेतला. मॅडमना आणखी तीन घरं करायची होती. त्यांनी आग्रह केला नाही, सही केली.

वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सला त्या क्षणी संशय यायला हवा होता. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी बायकोने आईच्या अंथरुणावरची चादर धुवायला काढली आणि तशीच माझ्यासमोर आणून धरली. पायथ्याशी काळपट पिवळे डाग होते. आईचं अंग तापलेलं होतं. मी पाय ओढूनच घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली भोक होतं आणि त्यात तंबाखूचा चुरा दाबून भरला होता. विडीची पानं कापताना कात्री लागली की निपाणीत बायका तंबाखू दाबतात, तसाच तिने दाबला होता.

"सांगितलं का नाहीस गं?"

"तुजी परीक्षा हाय न्हवं? आन् दुखत न्हाई रं मला. लई न्हाई ते."

मी काम करतो त्याच हॉस्पिटलात तिला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन दिस," आई म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ब्रदर, तुम्ही घरी आहात. दोनच दिवस?"

जखम किती जुनी आहे त्यावर पुढचं ठरणार होतं. फोल्डर म्हणत होता, रविवारपर्यंत जखम नव्हती. मी म्हणालो, "माहीत नाही, डॉक्टर. मी पाय बघितलेलाच नाही. तीन महिने."

एक्स-रेत हाड खराब झालेलं दिसलं. बोट काढावं लागलं. पाय वाचला.

पुढच्या आठवड्यात मी मॅडमकडे गेलो, सगळं सांगितलं आणि फोल्डर परत मागितला. त्यांनी फोल्डर काढून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "नोंद खोडायची नसते, तुम्हाला माहीत आहे. एक रेघ मारा आणि शेजारी सही करा." त्यांच्यासमोर बसून मी अकरा रेघा मारल्या, अकरा सह्या केल्या. घरभेटींचं ते पोस्टिंग रद्द झालं. आता पुढच्या बॅचबरोबर पुन्हा करायचं आहे.

आईला हे सांगितलं, तेव्हा वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली, "मी त्या बाईस्नी काय सांगितलं व्हतं? आता लबाड म्हातारी म्हणतील मला."

"आई, खरं होतं ते सांगितलं."

"खरं सांगायचं व्हतं तर बाई आलत्या तवा सांगायचं. पाय दुमडून घेतला त्यो कुणासाठनं?"

ड्रेसिंग ती मला करू देत नाही. "तुजं हात नगं," म्हणते, "सून करतीया." शाळेला जाण्याआधी बायको हातमोजे घालून तिच्यासमोर बसते. मी दारात उभा असतो. कापसाची घडी कशी धरायची, आतून बाहेर कसं पुसायचं, पट्टी किती आवळायची, ते तिथूनच सांगतो. बायको विचारते, "असंच ना?" मी हो म्हणतो. आई खिडकीकडे बघत बसते.