दुसऱ्या भागातला कोपरा

"मांगनं दार कोठे शे?"

कुठेही पाऊल टाकलं की नाना आधी हे विचारायचे. बसायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी. मागचं दार कुठे आहे, एवढंच. कारखान्यासमोरच्या चहावाल्याला त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो चार बांबूंवर ताणलेल्या ताडपत्रीकडे बघत म्हणाला, "नाना, इथं पुढचंच नाही तर मागचं कुठून आणू?" असोद्याला एका लग्नात मंडपात शिरताच त्यांनी नवरीच्या मामाला तेच विचारलं. मामाला वाटलं, पाहुणा न जेवता पळतोय. त्याने हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. नाना जेवले, पण पंगतीच्या टोकाला, कनातीला फट होती तिथे सरकून.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. आपण त्याला चक्रम म्हणतो आणि हसतो. मीही हसलो होतो.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना अजून कुठेतरी काम मागायचं असेल, आणि नाव छापून आलेल्या माणसाला आमच्याकडे फाटकावरूनच परत पाठवतात.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणारा आमचा कारखाना. नाना एका लूमवर, मी शेजारच्या. ते धुळ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले. मी पंचविशीचा. आमच्या घरात कपाटापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. 'कमळ' वाचायच्या आधी मला 'प्रमुख मागण्या' वाचता येत होतं. कारखान्यात आलो तो पोटासाठी, आणि थोडासा जग बदलण्यासाठी. नाना मला 'पत्रकवाले' म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीवर गेलो की एक देखावा ठरलेला. जमिनीवर ओलं फडकं, फडक्यावर स्टीलचं ताट, ताटावर जुना गेमचा कन्सोल, आणि कूलरचं तोंड थेट त्या कन्सोलकडे. आम्ही दोघे बनियनवर घाम गाळत बाजूला.

"नाना, थोडी हवा माणसांना पण."

"माणूस तापला तर बोंबलस. हाई बिचारं गुपचूप बंद पडस."

कन्सोल त्यांच्या मुलाचा. मुलगा सुरतेला गेला, फोनवर खेळायला लागला, आणि हे यंत्र बापाकडे राहिलं. सोबत एकच चकती: मारामारीच्या एका जुन्या खेळाचा दुसरा भाग. पहिला भाग नानांनी तरुणपणी धुळ्यात बसस्टँडजवळच्या एका दुकानात उभ्याने खेळून संपवला होता. दुसरा मात्र त्यांना सोडवत नव्हता.

मला तो प्रकारच पटत नव्हता. दिवसभर यंत्रापुढे उभा राहणारा माणूस सुट्टीलाही यंत्रापुढेच बसतो, आणि तेही खोट्या माणसांना खोटे ठोसे मारायला! हे मी त्यांना ऐकवलं. चांगलं लांबलचक ऐकवलं. नानांनी दुसरा रिमोट माझ्या मांडीवर टाकला.

"पहिले हार. मंग बोल."

मी ओळीने बारा डाव हरलो. मग तेरावा मागितला.

खरं सांगतो, दुसरा भाग देखणा होता. पहिल्या भागातली माणसं ठोकळ्यांची होती. इथे त्यांच्या मुठी आवळलेल्या दिसायच्या, दम लागला की छाती वरखाली व्हायची. लढवय्ये जवळजवळ दुप्पट. बटण दाबल्या क्षणी ठोसा निघायचा आणि तो लागला की रिमोटपासून कोपरापर्यंत काहीतरी जाणवायचं. मागची चित्रं तर बघतच राहावीत अशी. बंदरावर जहाज हलायचं. बाजारातल्या लढतीत मागे गर्दी टाळ्या वाजवायची, आणि वरच्या मजल्यावर एक बाई लढत सुरू होताच खिडकी लावून घ्यायची. दर वेळी. मला त्या बाईची नंतर भीती वाटायला लागली. तिला शेवट माहीत असल्यासारखी ती खिडकी लावायची.

नाना कायम एक लठ्ठ खलाशी निवडायचे. हळू चालणारा, पण पाय रोवून उभा राहणारा. त्यांची तक्रार एकच होती. पहिल्या भागात शत्रूने पडद्याच्या कडेला कोंडलं तर एक कोलांटी मारता यायची. त्याच्या पायाखालून निघून दुसऱ्या बाजूला उभं राहता यायचं. दुसऱ्या भागात बनवणाऱ्यांनी ती कोलांटी काढून टाकली. कोपऱ्यात सापडलात की संपलं. तुम्ही घाबरून उडी मारता, तो हवेतच हाणतो, तुम्ही पुन्हा उडी मारता.

"रंग दिधा, गाणं दिधं, बठ्ठं दिधं," नाना म्हणायचे, "पन दार काढी लिधं."

बाजाराच्या त्या चित्रात उजव्या कडेला एक दार होतं. निळं, अर्धवट उघडं, आत उजेड. नानांनी कितीतरी दिवस आपल्या खलाशाला त्या दारातून बाहेर काढायचा प्रयत्न केला. रेटा देऊन, लाथ मारून, सगळी बटणं एकदम दाबून. खलाशी दारासमोर जागच्या जागी चालत राहायचा. पाय हलायचे, माणूस हलायचा नाही.

"नाना, ते चित्र आहे."

"मालूम शे. पन मंग उजेड कसाले काढा आतमा?"

मी एकदा विचारलं, दाराचं एवढं काय आहे तुम्हाला? पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "एकदा नव्हतं." कुठे, कधी, कोण होतं आत, काही नाही. त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता, दाबत नव्हता. खलाशी मार खात उभा होता.

पुढे त्यांनी कोपऱ्यावर उपाय शोधला. उडी मारायचीच नाही. खाली बसायचं. बसून एक फटका अंगावर घ्यायचा. शत्रूचा दुसरा फटका डोक्यावरून जातो, आणि तेवढ्यात बसल्या बसल्या त्याच्या अंगाखालून सरकायचं. फार छोटी फट होती ती, बनवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली. मला शिकवताना ते ओरडायचे, "उडी नको मारू! खाले बस, खाले बस!" शेजारची अक्का भिंतीपलीकडून म्हणायची, "ओ नाना, तो बसेल हो, तुम्ही बसा आधी!"

त्याच वर्षी कारखान्याची नवी शेड झाली. जुनी शेड पत्र्याची, काळवंडलेली, उन्हाळ्यात भट्टी. पण तिच्या मागे शेताकडे उघडणारं एक मोठं मोकळं तोंड होतं. नवी शेड उंच, पांढरी, मोठाले पंखे, फरशीचे संडास, थंड पाण्याचं यंत्र. शेठनी पेढे वाटले. आम्ही सगळे खूश झालो. मीसुद्धा, कारण ते संडास माझ्या जुन्या पत्रकातली तिसरी मागणी होते.

नाना पहिल्या दिवशी आत शिरले आणि सुपरवायझरला त्यांनी तेच विचारलं. त्याने हसून मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लोखंडी दार होतं, कुलूपबंद. महिन्याभरात दारासमोर तयार चटयांच्या गुंडाळ्या रचल्या गेल्या, छातीपर्यंत, मग डोक्याच्या वर. मग तपासणी येणार असं कळलं. आदल्या दिवशी एक माणूस शिडी घेऊन आला आणि त्या गुंडाळ्यांच्या वर त्याने हिरवा बोर्ड ठोकला. पांढरा धावणारा माणूस, बाण, आणि अक्षरं: 'बाहेर'. तपासणीवाले बोर्ड बघून गेले.

नाना लूम थांबवून किती तरी वेळ तिकडे बघत होते.

"पत्रकवाले," ते म्हणाले, "हाऊ दुसरा भाग शे."

त्या आठवड्यात मी नवीन पत्रक लिहीत होतो. आठ मागण्या. नाना म्हणाले, "तुन्हा पत्रकमा दार टाक भाऊ." मी नववी म्हणून टाकली. छापायला देताना मजकूर एका पानात बसेना. काहीतरी काढायला हवं होतं. कामाचे तास, कायम नोकरी, ओळखपत्र यांच्या रांगेत कुलूप लावलेलं एक दार मला किरकोळ वाटलं. ते मी काढलं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्यांच्या चुका मी आजवर भरपूर छापल्या आहेत.

पत्रक हातात आल्यावर नानांनी ते शेवटपर्यंत वाचलं. उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"नाना, जागाच नव्हती."

"हा," ते म्हणाले. "कागदवर जागा नही. शेडमा बी नही."

त्यानंतर त्यांनी सुपरवायझरला दोनदा सांगितलं, शेठच्या गाडीसमोर एकदा उभे राहिले. लोक त्यांना दारवाले नाना म्हणायला लागले. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास विचारायचं, "नाना, डब्याला मागचं दार आहे का?" ते हसायचे आणि रोज डबा खाऊन झाला की शेडच्या भिंतीला हात लावत पुढच्या फाटकापर्यंत चालत जायचे. पावलं मोजायचे. डोळे मिटून.

मे महिन्यातली दुपार होती, चारचा सुमार. बाहेरचा पत्रा हात लावू देत नव्हता. शेडच्या मधोमध विजेच्या एका पॅनेलमधून फटकन आवाज आला, आणि खाली पडलेल्या प्लास्टिकच्या कातरणाने पेट घेतला. ज्वाळा फार मोठी नव्हती. पण प्लास्टिकचा धूर तुम्ही पाहिला आहे का? तो वर जात नाही म्हणावं तर जातो, छताला लागतो आणि काळ्या पाण्यासारखा खाली उतरतो. दिवे गेले. मी पुढच्या फाटकाजवळ होतो, बाहेर पडलो. वळून पाहिलं तेव्हा आतून फक्त ओरडणं येत होतं, आणि ते आमच्याकडे येत नव्हतं. लांब जात होतं.

चटयांच्या कडा शिवणाऱ्या, शिलाईवरच्या बायका बोर्डाकडे धावल्या होत्या. का धावणार नाहीत? बोर्डावर तसं लिहिलेलंच होतं. सोळा जणी त्या गुंडाळ्यांच्या ढिगापाशी दाटल्या, वर चढायला लागल्या, एकमेकींच्या खांद्यावर. वर धूर होता.

नाना माझ्या पुढे बाहेर पडले होते. त्यांनी गळ्यातला रुमाल फाटकाजवळच्या पाण्याच्या यंत्राखाली धरला, तोंडाला लावला आणि परत आत गेले. मी त्यांचा सदरा धरला होता. तो माझ्या हातातून सुटला की मी सोडला, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

मग आतून तो आवाज आला. खोलीतला, सुट्टीच्या दुपारचा.

"उडी नका मारू! खाले बसा! बठ्ठा खाले बसा!"

त्या रांगत आल्या. एकीचा पदर दुसरीच्या हातात, सगळ्यात पुढे नाना, एक हात भिंतीवर, पावलं मोजत असल्यासारखे ओठ हलत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मोजलं. पंधरा. ते पुन्हा आत गेले. सोळावीला घेऊन आले तेव्हा त्यांच्या नाकाखाली काळे ओघळ होते, आणि त्यांनी सवयीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही, खोकला आला. तो खोकला पुढे कधी थांबलाच नाही.

आग तासाभरात विझली. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागलं की 'किरकोळ धूर झाला होता'. आग हा शब्द कुणी वापरायचा नव्हता.

चौथ्या दिवशी नाना दुपारच्या सुट्टीत ग्राइंडर घेऊन मागच्या भिंतीशी गेले. गुंडाळ्या त्यांनी एकट्याने बाजूला केल्या, आणि कुलूप कापलं. दार करकरत उघडलं. बाहेर रिकामं शेत होतं, काट्याची झुडपं, खूप ऊन. आम्ही सगळे डबे तसेच ठेवून बघत राहिलो. ते उंबऱ्यावर बसले आणि खोकत खोकत हसले.

संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. कारण: कारखान्याच्या मालमत्तेचं नुकसान.

मी म्हणालो, आपण लढू, मी पत्रक काढतो. ते म्हणाले, "काढ. पन यानावर फक्त दार लिख." मी त्यांना धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. बसमध्ये चढताना त्यांनी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी पाहून घेतली आणि तिच्याशेजारीच बसले. काही दिवस फोन लागत होता; आधी त्यांचा खोकला ऐकू यायचा, मग ते. आता फोन लागत नाही. मी धुळ्याला जाऊन आलो. सुरतेला मुलाकडे गेले असतील, असं एकाने सांगितलं. 'असतील', एवढंच.

कन्सोल माझ्याकडे आहे. ताट आणि फडक्यासकट. कधीतरी लावतो. ती बाई खिडकी लावून घेते, खलाशी निळ्या दारासमोर चालत राहतो.

मागच्या दाराला आता नवीन कुलूप आहे, जाडजूड, आणि दार चौकटीला दोन ठिकाणी वेल्ड केलेलं आहे. समोर गुंडाळ्या पुन्हा डोक्याच्या वर गेल्यात. बोर्ड मात्र बदलला. नवीन बोर्डात बॅटरी आहे. वीज गेली तरी तो पेटलेला राहतो, लांबूनही दिसतो.

माझं नवीन पत्रक छापून झालंय. एक पान, एक मागणी, मोठ्या अक्षरात. पण पत्रक वाचून होईपर्यंत धूर थांबत नाही, म्हणून शिलाईवर नवीन मुलगी आली की पहिल्याच दिवशी मी तिला गाठतो आणि सांगतो, तो हिरवा बोर्ड दिसतो ना, काहीही झालं तरी तिकडे धावायचं नाही. खाली बसायचं, डावा हात भिंतीला लावायचा, एकशे चाळीस पावलांवर पुढचं फाटक.

परवा पारोळ्याची एक आली. ऐकून हसली. "काय भाऊ, चक्रमच दिसता तुम्ही," म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली. तिची पाठ बोर्डाकडे होती. थोड्या वेळाने तिने शिलाई थांबवली आणि वळून बघितलं.