राबाखालचा गोळा

पलटण आमच्या भाजे गावच्या डोंगरावर लढाई शिकायला आली, त्या उन्हाळ्यात भेदरलेल्या गाईने दूध चोरलं. जपानी जंगलातून कसे येतात आणि त्यांना कसं मारायचं, याचा सराव चालायचा. उखळी तोफांचे गोळे आमच्या खाचरांत पडून मातीचे लोट उडायचे, शिपाई गवताच्या माणसांच्या पोटांत संगिनी खुपसून किंचाळायचे. लाल निशाण वर असेपर्यंत शेतात पाय ठेवायचा नाही, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. पावसाआधी आम्हाला राब भाजावा लागतो, त्याचं काय, हे विचारायला मात्र मेल्यांची जीभ झडली होती.

आमचे हे दुसऱ्या पलटणीत शिपाई. ब्रह्मदेशाला जायच्या आधी रजेवर आले होते. डोंगरावरच्या देवीपुढे मी रोज एकच मागायची, ह्यांना जाऊ देऊ नकोस.

निशाण उतरलं आणि आम्ही दोघं रोपाच्या तुकड्यात गेलो. ह्यांनी आधी सगळी जमीन पायाखाली घातली.

"काय न्हाई हितं. समदं उचलून न्हेलंय त्यांनी."

मग शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, गवत आणि वर माती, असं नेहमीसारखं अंथरून पेटवलं. मावळात भाताचं रोप अशा भाजलेल्या जमिनीतच टाकतात. विस्तव नीट पसरेना, म्हणून हे काठीने निखारे पुढे सारत होते. न फुटता मऊ मातीत घुसलेला गोळा तिथंच खाली होता.

आवाज मला ऐकूच आला नाही. तोंडात माती भरली. उठून बघते तर हे धुरात बसलेले, उजवा हात कोपरापासून नाही, आणि पेटता राब पायाशी आलेला. काखेत धरून ओढलं, लुगडं फाडून दंड आवळला. रक्त थांबेना. हे सारखे विचारत होते, "काठी कुटं पडली माजी?"

सरावाच्या पलटणीचा सुभेदार धावत आला. खड्डा बघून म्हणाला, "बाई, गोळ्यावर विस्तव कशाला घातला?"

शेणाची पाटी मी त्याच्या तोंडावर फेकली. "मग रोप कुटं टाकू, तुज्या टाळूवर?"

हे ब्रह्मदेशाला गेले नाहीत. ह्यांच्या तुकडीतले गेले, त्यांतले बरेच परतले नाहीत. बाया म्हणायच्या, "तुजं कुकू लय बळकट. देवीनं ऐकलं." ऐकलं खरं. मी तिच्याकडे पुन्हा काही मागितलं नाही.

राब आता मी एकटीच पेटवते. हे लांब बांधावर बसतात आणि डाव्या हाताने कान झाकतात. दुसरा उघडाच राहतो.