माझा पोटाचा कॅन्सर पोटाचा नव्हता

प्रिय सई आणि अद्वैत,

परवा फोनवर सईने विचारलं, "आजी, इथल्या डॉक्टरांच्या फॉर्मवर घरातले आजार लिहायचे आहेत. तुला पोटाचा कॅन्सर झाला होता ना?" माझा कुकर गॅसवर होता. घाईत हो म्हणाले, फोन ठेवला, आणि मग दिवसभर चैन पडेना. उत्तर चुकीचं होतं. चार वर्षांपूर्वी तुम्ही शाळेत होता तेव्हा बाबांनी तुम्हाला एवढंच सांगितलं आणि आम्ही कोणी ते पुढे दुरुस्त केलं नाही. म्हणून आज सगळं क्रमाने लिहिते. सई, तुझ्यासाठी हा फरक मोठा आहे. हे पत्र तुमच्याकडून आणखी कोणापर्यंत पोचलं तर तेही बरंच.

"मॅडम, बायोप्सीत कॅन्सर आलाय. जठर पूर्ण काढावं लागेल." पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये सर्जन मला असं म्हणाले, तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. शेजारी आजोबा होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

सुरुवात दोन महिने आधी झाली होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. डॉक्टर याला अर्ली सटायटी म्हणतात, म्हणजे जेवण सुरू होताच तृप्ती. मी त्याला वय म्हणत होते. खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी कमळ मासळी घेऊन बसते. उरणहून येते. सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आलं. "ताई, तुमी मासली नुसती बघताव, घेत नाय. माज्यावर राग हाय का मासलीवर?" मी हसून पुढे गेले. त्या महिन्यात माझे सगळे ब्लाउज सैल झाले.

मग एंडोस्कोपी, म्हणजे घशातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेली तपासणी. जठर फुग्यासारखं फुगायला हवं, ते चामड्यासारखं ताठ झालं होतं. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'सिग्नेट रिंग सेल्स' असं लिहिलं होतं, म्हणजे खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी.

सर्जननी विचारलं, "पूर्वी पोटाचं ऑपरेशन?" नाही. "पोटाचा काही आजार?" नाही. त्यांनी लिहून घेतलं. टोटल गॅस्ट्रेक्टॉमी ठरली. म्हणजे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडायची. गुरुवारची वेळ मिळाली.

माझी चूक इथेच झाली. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलांना एकच सांगत आले, विचारलंय तेवढंच लिहा, भलतं लिहाल तर मार्क जातील. त्याच्या अकरा वर्षं आधी मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मुंबईला गाठ काढली, रेडिएशन झालं, पाच वर्षं गोळ्या घेतल्या. शेवटच्या तपासणीनंतर ती फाइल मी नाडी बांधून माळ्यावर ठेवली. माझ्या लेखी तो विषय संपला होता. सर्जन पोटाबद्दल विचारत होते, मी पोटाबद्दल सांगत होते. आजोबाही काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, मी सांगितलं असेल.

सोमवारी भूलतज्ज्ञांकडे तपासणी होती. ऑपरेशन झेपेल का, ते त्या बघतात. तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी बीपीचा पट्टा डाव्या दंडाला गुंडाळायला घेतला. मी हात मागे ओढला.

"या हातावर नको. उजव्यावर घ्या."

"का? फ्रॅक्चर होतं?"

"नाही. त्या काखेतल्या गाठी काढल्यात. या हातावर बीपी नाही, सुई नाही, असं मला सांगून ठेवलंय."

"काखेतल्या गाठी कशासाठी काढल्या?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टा खाली ठेवला. "आजी, हे सरांना माहीत आहे?"

"त्यांनी पोटाचं विचारलं होतं."

माझे कागद उचलून त्या बाहेर गेल्या. आजोबा म्हणाले, "बीपी फार आलं वाटतं." मी म्हटलं, "अहो, घेतलंच कुठे अजून?"

थोड्या वेळाने सर्जन स्वतः आले. "मॅडम, शिक्षिका होतात ना तुम्ही?" एवढं म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "नाही, चूक माझी आहे. मी नीट विचारायला हवं होतं."

त्यांनी जे समजावलं ते असं. स्तनाच्या कॅन्सरचा लोब्युलर नावाचा एक प्रकार असतो. तो कधीकधी अनेक वर्षांनी जठराच्या भिंतीत जाऊन बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली अगदी पोटाच्या कॅन्सरसारखा दिसतो. तसा असेल तर जठर काढून काही हाती लागत नाही. हॉर्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी आवरता येतो. पण खरोखर पोटाचाच असेल, तर ऑपरेशन लांबवणं धोक्याचं.

ठरवायचं कसं? हॉर्मोन रिसेप्टर बघून. रिसेप्टर हा पेशीतला एक ग्रहण करणारा भाग असतो. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हॉर्मोन त्याला जाऊन चिकटतं आणि त्या पेशीला वाढायचा निरोप मिळतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे रिसेप्टर पुष्कळदा सापडतात. पोटाच्या कॅन्सरमध्ये क्वचित. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाच्या तपासणीत पेशींना विशिष्ट रंग देऊन ते दिसतात का, हे बघतात. "पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे," डॉक्टर म्हणाले. "पोटाच्या कॅन्सरमध्येही ते कधी आढळतात, आणि तिथे या गोळ्यांचा भरवसा देता येत नाही. म्हणून जुनी गाठ शेजारी ठेवून बघायची आणि आणखी काही खुणा तपासायच्या."

जुनी गाठ मुंबईच्या हॉस्पिटलात मेणाच्या छोट्या वडीत जपून ठेवलेली असते, हे मला तेव्हा कळलं. अकरा वर्षांनी ती मिळेल की नाही, कोणी सांगेना. आजोबा दोन दिवस हेलपाटे घालून घेऊन आले. शर्टाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळून.

नंतर दहा दिवस वाट पाहणं. ऑपरेशनचा गुरुवार आला आणि गेला. मी डबे रिकामे केले, घासले, भरले. दुसऱ्या दिवशी परत तेच. बसले की पोटात काही पसरतंय असं वाटायचं, म्हणून उठायचे. उभं राहिलं की पाय थकायचे. लॅबमध्ये इतके फोन केले की तिथली मुलगी माझा आवाज ऐकताच "नाही आला, काकू" म्हणायची. चूक झाली असेल तर मी स्वतः हात मागे ओढून माझं ऑपरेशन बुडवलं, हा विचार जाईना. आजोबा म्हणाले, "चकरा मारून फरशी झिजवशील. रिपोर्ट फरशीखाली नाहीये."

कमळने फाटकाशी गाठलं. "ऑपरेशन झाला का?"

"थांबवलं."

"थांबवला? डाक्टर पलाला का काय?"

त्या दहा दिवसांत मी एकदाच हसले, ते तेव्हा.

अकराव्या दिवशी सर्जननी रिपोर्ट टेबलावर आमच्याकडे फिरवून ठेवला. जठरातल्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर भरपूर होते. जुन्या गाठीतल्या पेशी तशाच होत्या, बाकीच्या खुणाही जुळल्या. "हा तुमचा जुनाच आजार आहे," ते म्हणाले. "पुन्हा आलाय, वाईट आहे. बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण ऑपरेशन नको." परतलेला कॅन्सर ऐकून कोणाला सुटल्यासारखं वाटतं का? मला वाटलं, आणि लगेच वाटल्याची लाजही वाटली. आजोबा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

गोळीचं नाव लेट्रोझोल. पाळी गेल्यावरही शरीर थोडं इस्ट्रोजेन बनवतं, ते ती थांबवते. निरोपच पोचला नाही की पेशींची वाढ मंदावते. सहा महिन्यांनी एंडोस्कोपीत भिंत मऊ झालेली दिसली. त्या भूलतज्ज्ञ बाईंना मी पेढे घेऊन शोधत गेले, तर त्या म्हणाल्या, "आजी, हात तुम्ही ओढलात." तरी पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, म्हणून मी त्यांचे उपकार मानते.

तेव्हा सई, फॉर्मवर लिही, आजीला स्तनाचा कॅन्सर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पुढे जठरात पसरलेला. तुझी स्वतःची तपासणी कधी आणि कशी करायची, ते तिथले डॉक्टर यावरून ठरवतील. आणि दोघांनीही लक्षात ठेवा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी जुनं सगळं सांगायचं. तिथे मार्क जात नाहीत.

आज चार वर्षं झाली. सांधे दुखतात. तपासणी जवळ आली की आठवडाभर मी एका जागी बसत नाही, आजोबा सारखा चष्मा पुसतात. आजार आहे, भिंतीत दबून आहे. किती दिवस दबून राहील, ते डॉक्टरही सांगत नाहीत. एका वेळी दीड पोळी आणि वाटीभर भात जातो. जठर माझं आहे आणि जागेवर आहे.

तुमची आजी