मोजणारा राहिला

अहेरीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे सर हजेरी घेताना शेवटी स्वतःचंही नाव पुकारत आणि स्वतःच ‘हजर’ म्हणत. बारावीला आम्ही बेचाळीस जण होतो, म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं ‘त्रेचाळीसवे सर’. त्यांना ते कळलं, तेव्हा ते चिडले नाहीत. “आकडा बरोबर हाय,” एवढंच म्हणाले.

ही खोड जंगलातली. एमएस्सी होऊनही सरांनी आधी दोन वर्षं वनरक्षकाची नोकरी केली होती. पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेत दिवसभर मचाणावर बसून त्यांनी कागदावर लिहिलं: चितळ सात, मोर एक, अस्वल नाही, माणूस एक. साहेबांनी शेवटचं लाल शाईनं खोडलं आणि चार माणसांत त्यांची खरडपट्टी काढली. सरांना ते आयुष्यभर लागून राहिलं. आम्हाला सांगताना म्हणायचे, “मी मचाणावर बसलो म्हणून अस्वल पाण्यावर आलं नाई. मंग मले गिनतीतून काऊन सोडता?”

इलेक्ट्रॉन मोजण्याआधी तो कुठे कुठे सापडू शकतो, ते सगळं सांगणारं गणित म्हणजे वेव्ह फंक्शन, आणि मोजणारा त्या गणिताबाहेर उभा असतो, असं त्यांनी शिकवलं. मी एटापल्लीची, वसतिगृहात राहणारी आणि तोंडाळ. विचारलं, मग साऱ्या विश्वाचंही असं एक वेव्ह फंक्शन असेल का? सरांनी खडू खाली ठेवला. “मोजणारा कुठी बसवशीन, पोरी? मचाण तर आतच हाय.” मग भर वर्गात, जराही न लाजता म्हणाले, “मले याचं उत्तर येत नाई. तू शोध.” असं सांगणारा शिक्षक मला पुढे पुण्यात शिकतानाही क्वचितच भेटला.

पीएचडीच्या मुलाखतीत नेमका हाच प्रश्न आला. माझी एकुलती एक जागा त्यावर अडलेली, आणि पाठ केलेलं सगळं ऐन वेळी विसरले. मग सरांचा कागदच सांगितला. बाहेरून बघणारा हवा असेल, तर विश्वाच्या वेव्ह फंक्शनला अर्थ नाही. पण मोजणाऱ्यालाही त्याच कागदावर लिहिलं, तर ‘माणूस एक असताना अस्वल नाही’ असं आतलं नातं तरी सांगता येतं. तेवढा अर्थ मला दिसतो, म्हटलं. हे कोणत्या पुस्तकात आहे, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, अहेरीला आहे. जागा मिळाली.

सरांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “मंग माह्यं चुकलं नव्हतं तर.” मला एवढा अभिमान माझ्या निकालाचाही वाटला नव्हता.

यंदा ते निवृत्त झाले. शेवटच्या तासाला मी मुद्दाम जाऊन मागच्या बाकावर बसले. सरांनी पोरांची नावं घेतली आणि हजेरीपट मिटला. स्वतःचं नाव घेतलंच नाही. उद्यापासून नसायचंच, म्हणून असेल. मला राहवेना. उभी राहून म्हणाले, “सर, मोजणारा राह्यला.”

त्यांनी हजेरीपट पुन्हा उघडला. चष्मा पुसला. नाव मीच पुकारलं.

“हजर,” सर म्हणाले.