मामाजींचं जादूचं परमिट

आमच्या मामेसासऱ्यांइतका सावध माणूस वाशिम जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यभर लाइनमन म्हणून ते विजेचे खांब चढले-उतरले. निवृत्त झाल्यावर दर रविवारी दुपारी अनसिंगहून आमच्या वाशिमच्या घरी येऊ लागले. आल्याबरोबर मीटर बघायचे, मग मिक्सरची वायर हुंगायचे, आणि मग पाण्याचा पेला हातात घ्यायचे. एकदा आईनं समई लावली, तर वातीपासून पडद्याचं अंतर त्यांनी वितीनं मोजलं. "पूजा करा ना, मी कुठं नाई म्हनतो? पन पडदा सरकवा," हे त्यांनी थेट देवासमोर सुनावलं. मी पडलो जावई. पडदा सरकवला.

रविवारी आमच्याकडे एक खेळ रंगायचा. मी, माझी बायको नीता आणि माझ्या कॉलेजातले दोघं सहकारी. प्रत्येकानं कल्पनेतलं एक पात्र व्हायचं, मी गोष्ट सांगत जायची, आणि हार-जीत फाशावर सोडायची. मी मोठ्या मेहनतीनं एक राज्य रचलं होतं. त्याच्या टोकाला डोंगरात एक ड्रॅगनही ठेवला होता. नीता जादूगारीण झाली होती. "बसल्या बसल्या मी बी खेळतो," म्हणून मामाजी राजाचे शिपाई झाले, आणि तिथून माझी गोष्ट जी अडकली ती अडकलीच.

पहिल्याच लढाईत नीतानं आगीचा गोळा फेकला. फासा वाईट पडला, गोळा भलतीकडे गेला आणि एक गाव जळालं. आम्ही चुकचुकलो आणि पुढे निघालो. मामाजी निघेनात. "किती मानसं होती त्या गावात?" ठरवलं नाही, असं मी म्हणालो. "मंग ठरवा." वैतागून मी चाळीस म्हटलं. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पुढच्या रविवारी ते वही घेऊन आले. जादूला परमिट पाहिजे, मंत्र म्हणण्याआधी समोर कोणी आहे का, हे दोनदा ओरडून विचारायला पाहिजे, जोडीला एक साक्षीदार पाहिजे, अशी चौदा पानं! पाच महिने आम्ही त्या वहीवर भांडलो. तेवढ्या काळात एका सहकाऱ्याचं लग्न ठरलं आणि झालंही.

"मामा, ती जन्मतःच जादूगार आहे. तिनं मागून घेतली का जादू?" नीता म्हणायची.

"करंटनं बी मांगून नाई घेतलं. पन फ्यूज लावतोच ना आपन त्याले?"

"मी वायर नाही, माणूस आहे!" आणि ती खरोखरच रागावून आत निघून जायची. मी मध्ये पडून म्हणायचो, "मामाजी, ते गाव खोटं आहे हो." तर ते शांतपणे म्हणायचे, "गाव खोटं असन जवाईबापू. सवय खरी लागते."

शेवटी मीच कंटाळलो. एका रविवारी जाहीर केलं की राजानं शिपायाचं म्हणणं ऐकलं. सगळ्या जादूगारांना दगडी मनोऱ्यात जन्मभर कोंडायचा हुकूम निघाला, आणि नीताला पकडून नेण्याचा मान मामाजींना. मला वाटलं, आता तरी खूश होतील. त्यांनी हातातला फासा खाली ठेवला.

"हे मी कधी मांगतलं?"

"तुम्हीच तर पाच महिने—"

"नियम मांगतला. कोंडा म्हनलो काय?" मग नीताकडे न बघता ते सांगू लागले. "इंझोरीच्या लाइनवर माहा जोडीदार खांबावर होता. मले वाटलं, उतरला. इचारलं नाई. मीच लाइन चालू केली. त्याचा उजवा हात कापा लागला. साहेब लोक मले कामावरून काढून राह्यले होते, तर तोच दवाखान्यातून म्हने, याले काढू नका. आता याच्याइतका भ्यालेला लाइनमन तुमाले भेटनार नाई."

नीताला मामाच्या हातून कधीतरी काहीतरी घडलं एवढंच माहीत होतं.

"बोला," मामाजी म्हणाले, "माहा शिपाई मनोऱ्याच्या दारात आडवा उभा हाये." त्यांनी फासा टाकला आणि तो वाईट पडला. राजाच्या सैन्यानं शिपायाला तिथंच मारलं. त्या गडबडीत नीताची जादूगारीण निसटली. मी म्हटलं, पुन्हा टाका. "असं नसते," ते म्हणाले. "पडला तो पडला." नीता डोळे पुसत होती. मी तिला कारण विचारलं नाही.

संध्याकाळी स्कूटरवरून त्यांना बसस्टँडवर सोडलं. बसला वेळ होता. न राहवून विचारलं, "तुमचे ते जोडीदार आता कुठे असतात?"

"इंझोरीलेच. दर महिन्याले जातो ना मी." ते रस्त्याकडे बघत होते. "डाव्या हातानं दाढी करते तो, पन हनुवटीखालची राहून जाते. तेवढी मी करून देतो. वस्तरा आला की मान वर करते अन् डोये मिटून घेते बाप्पा, निवांत."