पांढरा मरळ

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी कृष्णेतले मासे निवडले. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या खालच्या अंगाला नदीत जाळं टाकतात. मला दुसरं काही फारसं माहीतही नव्हतं.

एका सकाळी जाळ्यात मरळ आला, तो पांढरा. एरवी हा मासा काळपट, चिखलाच्या रंगाचा. मी फोन आणायला घरात गेले, तेवढ्यात आईनं त्याला हळदकुंकू लावलं. असा वेगळा मासा आमच्यात कुणी विकत नाही, खात नाही. पूजा करून कृष्णामाईला परत देतात. मी घाईनं दोन फोटो काढले, मग मीही हात जोडले. मासा पाण्यात गेला.

कॉलेजात मॅडमनी फोटो बघितला. "हा तर पिवळा दिसतोय." आईनं हळद लावल्याचं मी सांगितलं.

"मॅडम, मसाला लावलाय, तळायचा राहिलाय," मागून एकजण म्हणाला. वर्ग हसला. कसंनुसं मीही हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "डोळे कुठल्या रंगाचे होते? लाल असतील तर अंगात रंग मुळातच नाही. काळे असतील तर काही भागातलाच गेलाय."

फोटोत डोळ्यावर आईचं बोट होतं, आणि मी नीट बघितलंच नव्हतं. माझ्या प्रकल्पात नवीन असं एवढंच होतं, तेही आता जाणार. "वडिलांनी बघितलंय," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं, उगाच बोलले. आप्पांचं बोलणं वर्गासमोर ऐकवायची मला लाज वाटत होती. त्या लाजेचीच आज लिहिताना जास्त लाज वाटते.

"लाव फोन," मॅडम म्हणाल्या. मी स्पीकर लावला.

"आप्पा, त्या मरळाचं डोळं कसलं हुतं?"

"काळंभोर. करवंदागत. आन् शेपटीपाशी डाव्या अंगाला बोटाएवढा काळा डाग. तू बघितला न्हाईस व्हय? कालेजात काय बघाय शिकवत्यात मग?"

आता वर्ग हसला तो वेगळा. मॅडमही हसल्या. "असा मासा आधी कधी पाहिलाय का, काका?"

"येकदाच, बाई. लग्नाआधी. पर त्यो मरळ न्हवता, शिंगाळा मासा व्हता."

मॅडम वहीत लिहून घेत होत्या. मग मला म्हणाल्या, "फोटो लाव, हळद का दिसते तेही लिही. आणि निरीक्षक म्हणून वडिलांचं नाव घाल."

संध्याकाळी प्रकल्पाच्या तक्त्यात आप्पांची माहिती भरताना मी विचारलं, "आप्पा, अनुभव किती वर्षांचा लिहू?"

जाळ्याची गाठ मारता मारता ते थांबले. बोटांवर मोजलं, हिशेब लागेना. "मला पाण्यात पवायला यायच्या आधीपास्नं, असं लिही," ते म्हणाले.

मी तसंच लिहिलं.