चिमण्यांचा ओटा आणि बिनतिकिटाचे उंदीर

उंदरांचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला आपला आठवतो, तिसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही," आणि तोवर चहा थंड होतो. यवतमाळच्या आमच्या कॉलनीतल्या बागेत असे इतके किस्से साठलेत की त्यातले खरे किती आणि रचलेले किती, हे आता मलाही सांगता येत नाही. आणि मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो! बिनतिकिटाचा माणूस मला पाठीवरून ओळखू येतो. रिटायर झालो तरी नजर तीच राहिली. घरचे हिला खोड म्हणतात.

बागेच्या मधोमध सिमेंटचा एक ओटा आहे. तिथे रोज सकाळी आम्ही तिघं पाखरांना दाणे टाकायचो. राठोड गुरुजी ज्वारी आणायचे, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या कमलताई तांदळाची कणी, आणि मी बाजरी. कॉलनीवाले आम्हाला चिमणी मंडळ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, याबद्दलही मला संशय आहेच.

सुरुवात गुरुजींनी केली. त्यांना लकव्याचा झटका येऊन गेला होता. बोलणं अडखळत झालं आणि उजवी मूठ उघडेना. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला, तो गुरुजींनी दोन दिवसांत कपाटात टाकला. मग एका सकाळी ते हातात ज्वारी घेऊन ओट्यापाशी येऊन उभे राहिले. त्या दिवशी मूठ उघडायला इतका वेळ लागला की चिमण्या वाट पाहून उडून गेल्या. चार महिन्यांनी ती पूर्ण उघडली. ओट्यावरचे दाणे बंद झाले असते तर गुरुजी पुन्हा घरात बसले असते आणि मूठ पुन्हा मिटली असती. आम्हा दोघांना हे स्वच्छ दिसत होतं आणि त्याची भीती वाटायची.

*

पहिला उंदीर कमलताईंनी पाहिला. ओट्याखालून निघाला, चार दाणे उचलले आणि परत आत गेला.

"खार... हाय," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, खारीची शेपटी झुपकेदार असते. म्या जिंदगीभर पोट्ट्याईले चित्र दाखवलं. हे तं सुतळी हाय."

गुरुजींनी जरा विचार केला. "म्हातारी... झाली. केस... गळले."

गुरुजींना उंदीर मान्य करायचाच नव्हता, कारण उंदीर म्हटला की तक्रार आली. म्हणून आठवडाभर आम्हीही त्याला खारच म्हणत होतो. आठव्या दिवशी एकाच वेळी पाच म्हाताऱ्या खारी ओट्याखालून निघाल्या, तेव्हा गुरुजींनी हवापाण्याचा विषय काढला.

*

तक्रार आलीच. घेऊन आले ढोले साहेब, आमच्या कॉलनी कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण सरकारी ऑफिसात राहून पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही सवय लागलेली. प्लास्टिकच्या पिशवीत स्कूटरची कुरतडलेली वायर घेऊन आले आणि ती ओट्यावर ठेवली. मागे ढोले वहिनीही उभ्या होत्या.

"हे कोनं खाल्लं?"

"उंदरानं," मी म्हणालो.

"तो कायले आला? तुमच्या दाण्यासाठी आला. घ्या वास. ज्वारीचा येते का नाही?"

मी वास घेतला. ज्वारीचा नव्हता. बत्तीस वर्षं माणसांच्या पिशव्यांशेजारी उभा राहिलोय, तेलकट कागदाचा वास मला चुकत नाही.

"साहेब, हा तर भज्यांचा येऊन राह्यला. डिकीत भजे कोन ठेवते?"

साहेबांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. वहिनींनी एकदा वायरकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. साहेबांनी पिशवीला गाठ मारली आणि म्हणाले, "महिनाभराची मुदत देतो. उंदीर गेले नाही तर दाणे बंद." भज्यांचा राग ओट्यावर निघाला, असं माझं आजही मत आहे.

*

मग आम्ही नियम केले. एकेकाने एकच मूठ टाकायची. नऊ वाजता ओटा झाडून उरलेलं उचलायचं. एक डबा कापून, खाली ताटली लावून निंबाच्या फांदीला टांगला, म्हणजे सांडलेलंही जमिनीवर जाणार नाही. बिळांत विटांचे तुकडे ठोकले. आणि तरीही रोज सकाळी ओट्यामागे ताजं अन्न सांडलेलं दिसायचं!

म्हणजे कुणीतरी संध्याकाळी गुपचूप टाकत होतं. मी वाकून पाहिलं. तांदळाचे तुकडे होते. मी कमलताईंकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाह्यता?"

"कणी तुमचीच असते, ताई."

"माही कणी कोरडी असते. हे शिजेल हाय. अन् माह्यावर संशय घ्याचा असन तं उद्यापासून तुमचे तुम्हीच टाका." ताई दोन दिवस आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मेंदीच्या कुंपणाआड दबा धरून बसलो. साडेसहाला एक बाई आली, पदराखालून गंज, म्हणजे पातेलं, काढला आणि ओट्यामागे उपडा केला. गंज ओळखीचा होता. बाईही ओळखीची होती. आमच्या घरात रोज संध्याकाळी उरलेल्या खिचडीचं काय होतं, हे मी लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी कधी विचारलं नव्हतं.

"कुत्र्याईसाठी टाकतो जी," बायको म्हणाली. "तुम्ही इथं झुडपात काय करून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. खरं कारण मंडळाला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

*

पिंजरा लावला. पहिल्याच दिवशी एक धरला गेला. त्याला लांब सोडायचं काम ढोले साहेबांनी घेतलं, कारण स्कूटर त्यांची आणि उत्साहही त्यांचाच. तीन दिवस तीन उंदीर नेले. मला तिन्ही चेहरे एकच वाटले.

"साहेब, किती दूर सोडता?"

"लय दूर. गावाबाहेर." इतक्या लवकर उत्तर देणाऱ्या माणसाचं तिकीट मी नेहमी दोनदा तपासायचो.

मी कमलताईंना सांगितलं. त्यांनी सुनेची लाल नेलपॉलिश आणली आणि चौथ्या उंदराच्या शेपटीला पिंजऱ्याच्या गजातून एक पट्टा ओढला. साहेब त्याला घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परत आले. दोन दिवसांनी लाल शेपटी पुन्हा पिंजऱ्यात हजर. साहेबांना कबूल करावं लागलं की ते मागच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपाशी सोडत होते.

"पेट्रोल काय फुकट येते?" ते म्हणाले.

आम्ही त्यांना बरंच काही ऐकवलं. पण पुढच्या सकाळी पिंजऱ्यात जो सापडला, त्याच्या शेपटीला हिरवा ऑइलपेंट होता. आम्ही कुणीच हिरवा लावला नव्हता. सगळ्यांनी मिळून मागच्या कॉलनीकडे पाहिलं. त्यांच्या भिंतीवरून दोन डोकी आमच्याकडेच पाहत होती.

*

मुदत संपली तरी उंदीर संपले नाहीत. ढोले साहेब कमिटीतल्या तिघा-चौघांसह औषधाच्या पुड्या घेऊन आले.

"आज ओट्याखाली ठेवून देतो. दोन दिवसांत साफ."

कमलताईंनी पुड्यांवर हात ठेवला. "अन् पाखरानं खाल्लं तं? मेलेला उंदीर मांजरीनं खाल्ला तं?"

"ताई, काहीतरी करावंच लागन नं."

गुरुजी बाकावर बसले होते. उठायला त्यांना वेळ लागला. ते ओट्यापाशी आले, उजवा हात पुढे केला आणि मूठ उघडली. आत त्या दिवसाची ज्वारी होती.

"ढोले... पहिले... माह्या ताटात... वाढ."

साहेब लाल झाले. पुड्या परत खिशात गेल्या, पण जाताना ते म्हणाले, "ठीक हाय. मग आजपासून पंधरा दिवस दाणे एकदम बंद. सगळ्याईचेच. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मीटिंग घेऊ अन् ओटा ठेवायचा का फोडायचा ते ठरवू." कमिटीतल्या माना त्यांच्या बाजूने हलल्या.

त्या पंधरवड्यात गुरुजी रोज येऊन बाकावर बसायचे. खिशात ज्वारी असायची, हात खिशातच असायचा. मला ते बघवायचं नाही. मी दुसऱ्या बाजूने फेरी मारायचो. पाखरंही शहाणी, चार दिवसांत त्यांनी बाग सोडली. चिमण्या गेल्या, साळुंक्या गेल्या, आणि कावळे तर मटण मार्केटकडेच राहायला गेले.

तो पंधरवडा पितृपक्षाचा आहे, हे दाणे बंद करताना कमिटीतल्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

*

तो रविवार आला आणि त्याच दिवशी ढोले साहेबांच्या वडिलांचं पितर होतं. म्हातारबाबा गेल्या वर्षी वारले, त्यामुळे हे पहिलंच. घरात वडे, कढी, खीर, सगळं झालेलं. पाहुणे पानावर बसायला तयार. पण कावळ्याने घास घेतल्याशिवाय कुणाला जेवता येईना. साहेबांनी गच्चीवर पान ठेवलं, तासभर 'काव काव' केलं. आभाळात एक कावळा नाही. शेवटी भर दुपारी धोतर नेसून, पान दोन्ही हातांत धरून ते बागेत आले आणि ओट्यावर ठेवलं. गुरुजी, मी आणि कमलताई बाकावर होतो.

"गुरुजी," साहेब खाली बघत म्हणाले, "तुमचे कावळे कुठी गेले जी?"

"तूच... हाकलले."

साहेब पानासमोर उभे राहून हळू आवाजात म्हणू लागले, "बाबा, तुमची सायकल भंगारात देत नाही. बाबा, मायले एकटं ठेवत नाही." तरी काही हललं नाही. मग म्हणाले, "बाबा, तुमचं काही चुकलं असन माह्याकडून तं..." आणि वाक्य अर्धं टाकून त्यांनी पान जरा पुढे सरकवलं. मला पहिल्यांदाच त्या माणसाचा संशय आला नाही, वाईट वाटलं.

तेवढ्यात ओट्याखालून एक उंदीर वर आला. चांगला मोठा, मिशा पांढऱ्या. पानाभोवती एक फेरी मारली, कढी हुंगली, खीर सोडली आणि बरोबर वड्यापाशी जाऊन बसला. मी काठी उचलली.

साहेबांनी माझं मनगट धरलं. "मारू नका, भाऊ."

उंदीर सावकाश खात होता. पळायची घाई त्याला अजिबात नव्हती. अर्धा वडा तिथेच खाल्ला, उरलेला तोंडात धरला, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि ओट्याखाली गेला. साहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले.

मग आमच्याकडे न वळताच म्हणाले, "गुरुजी, उद्यापासून दाणे टाकत जा. अन् जरा जास्तच टाकत जा."